बंद सरकारच्या गावात नऊ दिवस

शुक्रवार, ११ जानेवारी २०१९

मुंबई ते डलेस (वॉशिंग्टनचं विमानतळ) प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाय सुजले आणि हिंदू मील सांगून पास्ता आला, बस. गंमत सुरू झाली इमिग्रेशनच्या काउंटरवर. भाचीने फोनवर बजावून ठेवलं होतं, "मावशी, तिथे विचारतील तेवढंच बोल आणि काकांना तर बोलूच देऊ नकोस." पण ऑफिसरने यांनाच विचारलं, काय करता? हे म्हणाले रिटायर्ड, गव्हर्नमेंट ट्रेझरी, छत्तीस वर्षं लोकांचे पगार पास केले. तोवर दगडासारखा बसलेला तो माणूस एकदम हसला. म्हणाला, मग आमचाही करून द्या की, आज पगाराचा दिवस आहे आणि स्लिपवर शून्य आलंय. ठप्प ठप्प शिक्के मारले आणि पुढच्याला बोलावलं.

गाडीत बसल्यावर भाचीने सगळं समजावलं. २२ डिसेंबरपासून अमेरिकेचं सरकार अर्धवट बंद. १५ खात्यांपैकी ९ खात्यांचे पैसे मंजूर झालेले नाहीत, कारण ट्रम्पतात्यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत आणि विरोधी डेमोक्रॅट पक्ष द्यायला तयार नाही. साधारण आठ लाख कर्मचारी अडकलेत, त्यातले निम्म्यांहून थोडे कमी घरी आणि बाकीचे बिनपगारी कामावर.

"तिजोरीत पैसे नाहीत का?" यांचा पहिला प्रश्न.

"आहेत की काका. काढायला मंजुरी नाही."

त्यानंतर घर येईपर्यंत यांचं लेक्चर. आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान घेतात, काही महिन्यांचा खर्च भागतो, आणि लोकसभेने पैसेच नाकारले तर सरकार पडतं, शिपायाचा पगार नाही थांबत. हे म्हणजे नवरा-बायकोचं भांडण आणि उपाशी ठेवलं मोलकरणीला. (मोलकरणीचं उदाहरण मला आवडलं नाही, पण मुद्दा बरोबर होता.)

शनिवार-रविवार, १२ आणि १३ जानेवारी

हे दोन दिवस बर्फात गेले. हर्नडनला भाचीच्या घरी खिडकीतून बघतोय तर झाडं, गाड्या, डस्टबिन सगळं इडलीसारखं फुगलेलं, दोन दिवसांत दहा इंच पडला. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला त्यामुळे मी अर्धा तास नाचले आणि मग दोन दिवस सुंठीचा चहा.

रविवारी दुपारी शेजारीण फावडं घेऊन आली, स्वतःचा ड्राइव्हवे झालाच होता तर आमचाही साफ करायला लागली. भाचीने आत बोलावलं. साठीला आलेली बाई, शेतकी खात्यात नोकरीला, तीन आठवडे घरी. या घरी बसण्याला फर्लो म्हणतात. मी म्हटलं बरंय की, सुट्टी. तर म्हणाली सुट्टी नाही, बंदी आहे. ऑफिसचं ईमेल उघडायचं नाही, ऑफिसच्या फोनला हात लावायचा नाही, मनात आलं म्हणून फुकट काम करायचं म्हटलं तरी चालत नाही. १८८४ चा कायदा आहे, मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही आणि फुकटची सेवाही घ्यायची नाही, न जाणो उद्या कुणी बिल लावलं तर. आणि गंमत म्हणजे कायदा तेव्हाचा असला तरी ऑफिसं बंद पडायला लागली १९८० नंतर. त्याआधी मंजुरी लांबली तर लोक जरा हात आखडता घेऊन काम चालू ठेवायचे. मग राष्ट्राध्यक्ष कार्टरच्या काळात सिव्हिलेटी नावाच्या ॲटर्नी जनरलने लेखी मत दिलं की नाही, कायदा म्हणजे कायदा, कुलूप लावा. हे ऐकून यांनी मान डोलावली. एका कागदावर अख्खं ऑफिस अडलेलं यांनी खूप वेळा बघितलंय, पण तेव्हा तो कागद यांच्याच टेबलावर असायचा.

बाईंनी मग फोनवर एक नमुनापत्र दाखवलं. सरकारच्याच पर्सोनेल ऑफिसने डिसेंबरच्या शेवटी काढलेलं, घरमालकाला काय लिहायचं त्याचा मसुदा. त्यात चक्क असं की भाडं कमी घ्या आणि त्याबदल्यात मी तुमच्याकडे रंगकाम, सुतारकाम करून देईन. बोंबाबोंब झाल्यावर ऑफिसने सांगितलं की हे जुनं पत्र, २०१३ च्या बंदच्या वेळचं, चुकून गेलं. म्हणजे मसुदा फायलीत तयारच आहे! "दर पाच-सात वर्षांनी लागतोच," बाई म्हणाल्या आणि दुसरा कप चहा घेतला.

सोमवार, १४ जानेवारी

सकाळी जावईबापूंनी फोन वाचून दाखवला, वॉशिंग्टनमधली फेडरल ऑफिसं आज बर्फामुळे बंद. हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बंद ऑफिस बंद ठेवायचा जीआर?" जावईबापूंनी बिचाऱ्यांनी समजावायचा प्रयत्न केला की सगळी खाती बंद नाहीत, काहींचे पैसे सप्टेंबरातच मंजूर झालेत, त्यांच्यासाठी सूचना लागते वगैरे. यांच्या डोक्यात काही ते शिरलं नाही, दिवसभर मधूनमधून "बर्फामुळे बंद" म्हणून हसत होते.

रात्री टीव्हीवर त्याहून भारी. क्लेमसन नावाच्या कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली म्हणून व्हाइट हाउसला जेवायला बोलावलेली, आणि तिथला स्वयंपाकाचा बराच स्टाफ फर्लोवर. मग ट्रम्पनी स्वतःच्या खिशातून मॅकडॉनल्ड्स, वेंडीज, बर्गर किंग आणि डॉमिनोज मागवलं. चांदीच्या तबकांत पुठ्ठ्याच्या डब्यातले बर्गर रचलेले, बाजूला मेणबत्त्यांची झुंबरं पेटवलेली, वरून लिंकनची तसबीर बघतेय. आपल्याकडे वऱ्हाडाचा आचारी ऐनवेळी पळाला की वधूपिता वडापाव मागवतो ना, अगदी तसा चेहरा, फक्त इथे वधूपिता फार खूश होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्वीट केलं त्यात हॅम्बर्गरचं हॅम्बर्डर झालं आणि दिवसभर देश भिंत विसरून त्या स्पेलिंगवर बोलत बसला.

मंगळवार, १५ जानेवारी

संक्रांत. पहाटे भाचीबरोबर तिळाचे लाडू वळले, शेजारणीला डबा भरून दिला आणि विहली-रेस्टन ईस्टवरून मेट्रो पकडून वॉशिंग्टन. मेट्रो चालू असते, ती फेडरल सरकारची नाही. (स्मार्टट्रिप कार्ड स्टेशनवरच्या मशीनमध्ये मिळतं, प्रत्येकी वेगळं घ्यावं लागतं, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही हे आम्ही गेटवर अडकून शिकलो.)

आता काय काय बंद होतं ते सांगते. स्मिथसोनियनची म्युझियमं, विमानांचं, डायनोसॉरचं, सगळी, प्राणिसंग्रहालयासकट. ती जुन्या शिलकीवर १ जानेवारीपर्यंत चालली, मग संपली. नॅशनल आर्काइव्ह्ज बंद. वॉशिंग्टन मॉन्युमेंट म्हणजे तो ५५५ फुटी दगडी खांब, तोही बंद, पण त्याचा भिंतीशी संबंध नाही, त्याची लिफ्ट २०१६ पासून दुरुस्तीला होती. हे कळल्यावर यांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आर्काइव्ह्जच्या पायऱ्यांवर मात्र आम्ही बराच वेळ उभे राहिलो, कारण यांना ते बघायचंच होतं. आत अमेरिकेच्या राज्यघटनेची मूळ पानं काचेत ठेवलीत. त्याच घटनेत पहिल्याच कलमात लिहिलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय ट्रेझरीतून पैसा काढता येणार नाही. यांच्या दृष्टीने जगातलं सर्वात पवित्र वाक्य, फोटो काढायचा होता त्याचा. आणि ते वाक्य बघता येत नाही कारण त्याच वाक्यामुळे दाराला कुलूप. शेवटी कुलपाचा फोटो काढला.

लिंकन मेमोरियल उघड्यावर असल्यामुळे चालू होतं. पायऱ्यांवर बर्फ, एक रेंजर नाही, कचरा शहराची म्युनिसिपालिटी उचलत होती. नॅशनल मॉलवर, म्हणजे या म्युझियमं-स्मारकांमधल्या लांबलचक मैदानावर, टॉयलेटचा भरवसा धरू नका, कॉफीवाल्याकडे कॉफी घ्या आणि तिथेच उरकून घ्या, त्या गारठ्यात हा सल्ला सोन्याच्या मोलाचा आहे.

आणि मग आजचा मुकुटमणी. जावईबापूंनी सांगितलं होतं की फेडरल ट्रँगल स्टेशनशेजारी एक टॉवर आहे, तिथे जा, तो उघडा आहे. जुन्या पोस्ट ऑफिसची १८९९ ची इमारत, ३१५ फुटी घड्याळाचा मनोरा. सगळ्या शहरात नॅशनल पार्कचे रेंजर घरी बसलेत आणि इथे हिरव्या गणवेशातले रेंजर हसतमुखाने उभे, तिकीट नाही, रांग नाही, या म्हणतात. खालची इमारत सरकारची, पण भाड्याने दिलेली हॉटेलला, आणि हॉटेल तेव्हा कुणाचं? ट्रम्पतात्यांचं. सरकारी खुलासा असा की भाडेकराराच्या कायद्यातच मनोरा लोकांसाठी खुला ठेवायची अट आहे आणि त्याचे पैसे दुसऱ्या डब्यातून आलेत. कागद बरोबर असणार, हे म्हणाले. "असले कागद नेहमी बरोबरच असतात."

२७० फुटांवरून काय दिसतं म्हणता? स्मिथसोनियन, बंद. आर्काइव्ह्ज, बंद. मॉन्युमेंट, बंद. लांबवर व्हाइट हाउस आणि दुसऱ्या टोकाला कॅपिटॉलचा, म्हणजे संसदभवनाचा, पांढरा घुमट, मध्ये सगळा बर्फ. वर जाताना दहा मोठ्या घंटा दिसतात, इंग्लंडहून भेट आलेल्या, काँग्रेसचं (म्हणजे इथल्या संसदेचं) अधिवेशन सुरू होताना आणि संपताना वाजवायच्या. आम्ही होतो तेवढा वेळ त्या गप्प होत्या.

बुधवार, १६ जानेवारी

आराम. माझा घसा बसला. ज्यांना बंद काळातच जायची वेळ येईल त्यांच्यासाठी एवढं सांगते की खासगी ठिकाणं चालू असतात. जॉर्ज वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन हे बायकांच्या एका संस्थेच्या मालकीचं आहे, एकोणिसाव्या शतकापासून त्याच सांभाळतात, सरकारी पैसा घेत नाहीत, त्यामुळे सरकार बंद पडो की उघडो त्यांचं दार उघडं. आम्हाला घशामुळे जमलं नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत पेलोसीबाईंचं पत्र, या तेव्हा हाउसच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, सभापती. २९ तारखेला राष्ट्राध्यक्षांचं काँग्रेसपुढे मोठं भाषण असतं, त्या म्हणाल्या सुरक्षेच्या लोकांना पगार नाही तर भाषण पुढे ढकला, नाहीतर लिहून पाठवा. आणि त्याच दिवशी ट्रम्पनी सही केलेला कायदा असा की घरी बसलेल्यांना नंतर सगळा थकलेला पगार मिळेल. म्हणजे काम करू देणार नाही पण पैसे देणार, फक्त आत्ता नाही. कंत्राटी सफाईवाले आणि गार्ड मात्र यात नाहीत, त्यांचे दिवस बुडाले ते बुडाले. हे वाचल्यावर यांचं हसणं थांबलं, कारण असले कंत्राटी लोक यांनी बघितलेत.

गुरुवार, १७ जानेवारी

कॅपिटॉल. आणि इथे ज्या गोष्टीवर माझा अजून विश्वास बसत नाही ती अशी, की कॅपिटॉल पूर्ण चालू होतं. टूर चालू, कॅफे चालू, पोलीस पगारी. कारण काँग्रेसने स्वतःच्या खर्चाचं बिल सप्टेंबरातच मंजूर करून ठेवलं होतं. त्यांच्या अखत्यारीतली लायब्ररी ऑफ काँग्रेस चालू, त्यांची बोटॅनिक गार्डन चालू. ज्यांनी दुकान बंद पाडलं त्यांचं तेवढं शटर वर. खासदारांचा वार्षिक पगार १,७४,००० डॉलर, तोही चालू.

त्या पगारावरून जावईबापूंनी सांगितलेली गोष्ट. खासदारांनी केलेली पगारातली वाढ-घट मधे निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये अशी घटनादुरुस्ती १७८९ साली सुचवली होती आणि ती धूळ खात पडली. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला की ही अजून मंजूर करता येईल, त्याला मार्क मिळाले सी. पठ्ठ्याने राज्याराज्यांना पत्रं लिहून १९९२ मध्ये ती मंजूर करून घेतली, दोनशे दोन वर्षं उलटून गेल्यावर. विद्यापीठाने सी चा ए केला २०१७ मध्ये. फाइल चालते, हळू चालते, पण चालते.

आत जाताना सिक्युरिटीला खाद्यपदार्थ आणि पाणी चालत नाही (रिकामी बाटली चालते), पाटी लावलेली आहे, आम्हीच वाचली नाही. पर्समध्ये बारा लाडू. टाकायचे कसे, संक्रांतीचे! दाराबाहेर थंडीत उभं राहून दोघांनी पाच-पाच संपवले आणि उरलेले दोन रांगेतल्या एका आयोवाच्या आजीआजोबांना दिले. आजोबा म्हणाले पीनट ब्रिटल आहे का, मी म्हटलं त्याची मोठी बहीण. गोड बोला हे सांगायचं होतं पण ज्या इमारतीच्या दारात उभे होतो ती बघता राहू दिलं.

टूर फुकट आणि छान असते. जुन्या सभागृहात एक जागा आहे जिथे उभं राहून कुजबुजलं की लांबच्या दुसऱ्या ठिकाणी स्वच्छ ऐकू येतं, गाइड सांगते की जॉन क्विन्सी ॲडम्स डोकं टेकून झोपल्याचं सोंग करायचे आणि विरोधकांचं सगळं ऐकायचे. खरं असो नसो, आवाज मात्र खरंच येतो, हे तिकडून "शेंगदाण्याचं कूट जास्त झालं होतं" म्हणाले ते मला इकडे कानात ऐकू आलं. तळघरात वॉशिंग्टनसाठी बांधलेली कबर आहे, रिकामी. त्यांनी मृत्युपत्रात घरीच पुरा असं लिहिलं होतं. गावाबद्दल त्यांना काहीतरी अंदाज असावा.

सिनेटची (इथल्या राज्यसभेची) गॅलरी बघायला परदेशी लोकांना व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावर पासपोर्ट दाखवून पास मिळतो, फोन बाहेर ठेवावा लागतो. खाली शंभर लाकडी डेस्क, माणसं पाच. कागदपत्रं वाटणारी गणवेशातली पोरं तेवढी उत्साहात. एकजण भाषण करून गेले, समोर कुणी नव्हतं, कॅमेरा होता. मग एक कारकून उठला आणि हजेरी घ्यायला लागला, "मिस्टर अलेक्झांडर..." आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग पुढचं नाव, मग परत शांतता. मला वाटलं तब्येत बिघडली त्याची. नंतर कळलं, याला कोरम कॉल म्हणतात, कुणाकडे बोलायला काही नसलं की वेळ काढायला हजेरी सुरू करतात आणि ती मुद्दाम संपवत नाहीत. अध्यक्षांच्या शेजारी तपकिरीच्या डब्या अजून आहेत, ओढत कुणी नाही. मागच्या बाजूला एका डेस्कच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यांसाठी चॉकलेट-गोळ्या भरून ठेवायची प्रथा १९६० च्या दशकापासून आहे, ते काम नेमाने होतं. यांनी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटांत चार नावं. याच सिनेटने १९ डिसेंबरला भिंतीशिवाय पैसे द्यायचं बिल आवाजी मतदानाने पास केलं होतं बरं का. मग तात्या बिघडले आणि आता तेच बिल आणायला इथले नेते तयार नाहीत.

जेवायला जाल तर सिनेटचं घेवड्याचं सूप प्रसिद्ध आहे, रोज मेनूवर असतंच असतं, पण त्यात हॅम असतं, शाकाहारींनी लांब राहा. कॅपिटॉलमधून लायब्ररीत जायला जमिनीखालून बोगदा आहे, थंडीत तोच धरा. समोर सुप्रीम कोर्ट, तेही चालू. तिथे वकिलांना अजून पांढऱ्या पिसाची लेखणी देतात आणि कोर्टरूमच्या वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचं मैदान आहे, त्याला देशातलं सर्वोच्च कोर्ट म्हणतात. खाली सुनावणी असताना खेळायला बंदी.

रात्री घरी येऊन टीव्ही लावला तर आम्ही त्या परिसरात असतानाच केवढं नाटक झालेलं. पेलोसीबाई अफगाणिस्तान दौऱ्याला निघाल्या होत्या, खासदार हवाई दलाच्या निळ्या बसमध्ये जाऊन बसलेसुद्धा, आणि ट्रम्पनी पत्र लिहून विमानच काढून घेतलं, हवं तर प्रवासी विमानाने जा म्हणाले. मग ती बस कॅपिटॉलभोवती चकरा मारून सगळ्यांना परत उतरवून गेली. भाषण ढकललं म्हणून विमान काढलं! आमच्या आळीत पाण्याच्या पाळीवरून याहून मोठ्या मनाने भांडतात.

शुक्रवार, १८ जानेवारी

शेवटचा दिवस बोटॅनिक गार्डनला. बाहेर शून्याच्या आसपास आणि आत काचेच्या घरात केळी, कोको, दमट जंगलाचा वास, चष्म्यावर वाफ, अगदी जुलैतलं कोकण. कॅपिटॉलच्या अखत्यारीत असल्याने उबेचे पैसे मंजूर.

तिथून पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूने चालत निघालो तर फुटपाथवर भली मोठी रांग. लोक टायवाले, कोटवाले, गळ्यात सरकारी ओळखपत्रं. होझे आंद्रेस हे स्पॅनिश शेफ, वादळं-भूकंपात जाऊन लोकांना जेवू घालतात, त्यांनी बुधवारपासून इथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी फुकट जेवण सुरू केलं होतं. ओळखपत्र दाखवा, गरम जेवा. एका टोकाला कॅपिटॉल, दुसऱ्या टोकाला व्हाइट हाउस, मधे अन्नछत्र. हे थोडा वेळ रांगेकडे बघत उभे राहिले. मग काही न बोलता टोपी काढून खिशात घातली आणि पुढे चालायला लागले, मी ओरडले की कान झाका, तेव्हा घातली.

संध्याकाळी भाचीने पेपरातली बातमी वाचून दाखवली. वॉशिंग्टनमध्ये लग्नाचे परवाने देणारं ऑफिस कोर्टाच्या हाताखाली, कोर्टाचे पैसे फेडरल, म्हणून तेही बंद. लोकांची लग्नं अडली. शेवटी शहराच्या कौन्सिलने तातडीचा कायदा करून परवान्याचा अधिकार महापौरांना दिला, नाव असं जुळवलं की आद्याक्षरं घेतली की लव्ह होतं. या शहरात सात लाख लोक, वायोमिंग राज्याहून जास्त, पण सिनेटर एक नाही आणि हाउसमधल्या प्रतिनिधीला शेवटच्या मतदानात मत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर तीच तक्रार छापलीय, कर घेता पण प्रतिनिधित्व नाही. सरकारी नंबरप्लेटवर सरकारविरुद्ध तक्रार, हे मात्र मला मनापासून आवडलं.

शनिवार, १९ जानेवारी आणि नंतर

डलेसला सिक्युरिटीवाल्यांना तेव्हा महिनाभर पगार नव्हता, तरी बाईने माझी लोणच्याची बरणी शांतपणे उघडून हुंगली आणि परत दिली.

आम्ही साताऱ्याला पोचलो आणि २५ जानेवारीला बंद संपला, ३५ दिवसांनी. त्या दिवशी एअर ट्रॅफिक कंट्रोलर कमी पडले, न्यूयॉर्कला विमानं थांबली, दुपारी ट्रम्पनी जाहीर केलं आणि रात्री तीन आठवड्यांसाठी सरकार उघडलं, भिंतीचा एक डॉलर न घेता. काँग्रेसच्याच हिशेबनिसांनी सांगितलं की अर्थव्यवस्थेचे ११ अब्ज गेले, त्यातले ३ अब्ज कधीच परत येणार नाहीत. मागितले होते ५.७.

शेजारीण परत कामावर गेली, पाचही आठवड्यांचा पगार जमा झाला. भाचीने कळवलं तेव्हा यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ते ठीक आहे गं, पण तिचे ते पस्तीस दिवस सर्व्हिस बुकात कशात दाखवले? अर्जित रजा नाही, बिनपगारी नाही, कामही नाही. ऑडिटला काय उत्तर देणार?" भाची म्हणाली विचारून सांगते. दर रविवारी फोन येतो, आणि हे आधी तेच विचारतात.